कल्पनेनंतरची एकवीस वर्षे

नव्या वस्तूची कल्पना सुचलेला माणूस पहिली चौकशी करतो ती पेटंटची. पेटंट कुठे मिळते, खर्च किती येतो, तोवर कोणाला सांगितले आणि त्याने उचलले तर काय करायचे. या चौकशीमागे एक गृहीतक दडलेले असते. मोलाचे जे काही आहे ते सगळे कल्पनेत आहे आणि उरलेले काम कारखान्याचे, म्हणजे पैसे टाकले की होणारे, असे ते गृहीतक. यंत्रांचा इतिहास वाचला की ते टिकत नाही. कल्पना हा उत्पादनाचा बहुधा सर्वांत स्वस्त भाग असतो. तिथून दुकानातल्या वस्तूपर्यंत जायचे तर वाटेत आणखी डझनभर शोध लागावे लागतात, आणि त्यांतले बहुतेक मूळ शोधकाला लावता येण्याजोगे नसतात. म्हणून कल्पना लपवायची कशी यापेक्षा उरलेले शोध कोण लावणार, हा प्रश्न आधी विचारायला हवा. हे तपासून पाहायला एक यंत्र फार सोयीचे आहे, कारण ते आपल्या प्रत्येक कॉलेजच्या, तहसील कचेरीच्या आणि कोर्टाच्या बाहेर टपरीत उभे असते. झेरॉक्सचे यंत्र.

चेस्टर कार्लसन हा अमेरिकन माणूस भौतिकशास्त्र शिकला होता आणि न्यूयॉर्कमध्ये एका विद्युत-साहित्य कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी करत होता. पेटंटच्या कागदांच्या प्रती सतत लागत. कार्बन पेपर घालून पुन्हा टंकलेखन करायचे, नाही तर फोटोस्टॅटसाठी बाहेर पाठवायचे, एवढेच मार्ग होते. सार्वजनिक ग्रंथालयात बसून त्याने वाचन सुरू केले आणि प्रकाश पडला की काही पदार्थांतून वीज अधिक सहज वाहते या गुणाकडे त्याचे लक्ष गेले. हंगेरीच्या पाल सेलेनी या शास्त्रज्ञाचे प्रयोग त्याने वाचले होते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत, ऑस्ट्रियाहून आलेला ओटो कोर्नाय हा मदतनीस बरोबर घेऊन त्याने प्रयोग केला. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून तिच्यावर स्थिर विद्युतभार आणला. काचेच्या तुकड्यावर शाईने तारीख आणि ठिकाण लिहून तो पट्टीवर ठेवला आणि वरून झगझगीत दिवा धरला. अक्षरांची सावली पडली तिथे भार टिकला, बाकी ठिकाणचा निघून गेला. मग लायकोपोडियम वनस्पतीच्या बीजुकांची बारीक पूड भुरभुरली, फुंकर मारली, आणि उरलेली अक्षरे मेणकागदावर उतरवली. आजच्या कोणत्याही झेरॉक्स यंत्रात किंवा लेझर प्रिंटरमध्ये जे तत्त्व चालते ते त्या दिवशी पूर्णपणे सिद्ध झाले होते. शोध लागला होता. विकण्याजोगे मात्र त्या खोलीत काहीही नव्हते.

पुढच्या पाच-सहा वर्षांत वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसनला नकार दिला, आणि त्यांत आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए यांच्यासारखी नावे होती. ही गोष्ट सांगताना त्या कंपन्यांची खिल्ली उडवण्याची प्रथा पडली आहे. मला ती अन्यायाची वाटते. समोरचा माणूस रुमालाने पट्टी घासतो, पूड उधळतो आणि एक अस्पष्ट, हात लावला की पुसली जाणारी ओळ दाखवतो. त्यावर लाखो डॉलर कोणी का लावावेत? त्यांनी जे पाहिले त्याच्याविषयीचा त्यांचा निर्णय चुकीचा नव्हता. जे पाहायला मिळाले नाही त्यासाठी आधी कोणी तरी पैसे आणि माणसे घालायला हवी होती. ते काम १९४४ नंतर ओहायोतल्या बॅटेल या ना-नफा संशोधन संस्थेने केले. तिचा एक संशोधक दुसऱ्याच एका पेटंटच्या कामासाठी कार्लसनच्या कचेरीत आला होता, त्यातून ओळख निघाली. बॅटेलच्या प्रयोगशाळेत मग एकेक गोष्ट बदलत गेली. गंधकावर चित्र उमटायला फार प्रकाश लागे, त्याजागी सेलेनियम आले. रुमालाची जागा उच्च दाबाच्या विजेने भार फवारणाऱ्या बारीक तारेने घेतली. पुडीऐवजी उष्णतेने वितळून कागदाला चिकटणारी राळेची काळी भुकटी तयार झाली, आणि ती नेमकी अक्षरांवरच बसावी म्हणून तिच्याबरोबर फिरणारे बारीक कण शोधावे लागले. यांतला प्रत्येक बदल स्वतंत्र शोध होता आणि बहुतेकांचे कर्ते कार्लसनपेक्षा वेगळे होते. कार्लसनची थोरवी कमी करण्याचा यात हेतू नाही. ही माणसे नसती तर त्याचे पेटंट कपाटात पिवळे पडले असते, एवढेच.

पुढचा दुवा कसा जुळला हेही पाहण्यासारखे आहे. रॉचेस्टर शहरात हॅलॉइड नावाची फोटोचा कागद बनवणारी छोटी कंपनी होती. कोडॅकच्या सावलीत कशीबशी तग धरून असलेली. तिचा संशोधनप्रमुख जॉन डेसॉअर नवीन धंद्याच्या शोधात नियतकालिके चाळत असताना त्याच्या वाचनात कार्लसनच्या पद्धतीवरच्या लेखाचा सारांश आला. पेटंट मिळून गेले होते, त्यामुळे पद्धत उघडपणे छापता आली होती. कार्लसनने ती गुपचूप जपून ठेवली असती तर डेसॉअरपर्यंत ती पोहोचलीच नसती. १९४७ च्या सुमारास हॅलॉइडने बॅटेलशी करार केला, आणि कंपनीचा प्रमुख जोसेफ विल्सन याने पुढची बारा-तेरा वर्षे कंपनीचे भवितव्यच या एका गोष्टीवर लावले. १९४७ ते १९६० या काळात हॅलॉइडने या कामावर सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च केले. नेहमीच्या धंद्यातून कंपनीने त्या काळात जे कमावले त्याच्या जवळपास दुप्पट ही रक्कम होती. कर्जे काढून, शेअर विकून ती उभी केली गेली.

एवढे होऊनही १९४९ मध्ये बाजारात आलेले पहिले यंत्र, मॉडेल ए, पडलेच. एक प्रत काढायला माणसाला हाताने एकोणचाळीस क्रिया कराव्या लागत. कचेऱ्यांनी ते वापरून पाहिले आणि परत पाठवले. पण त्यातच एक उपयोग असा निघाला ज्याचा कोणी विचार केला नव्हता. त्या काळच्या छोट्या ऑफसेट छपाईसाठी लागणारी कागदी प्लेट या यंत्रावर झटपट आणि स्वस्तात होत असे. छापखान्यांनी यंत्रे घेतली, आणि मूळ उद्देशात नापास झालेल्या यंत्राने कंपनीला पुढच्या प्रयत्नापर्यंत जगवले. शोधकाला आपली वस्तू कशासाठी आहे याची खात्री असते. गिऱ्हाईक त्याला वेगळेच उत्तर देते, आणि त्या उत्तरातूनच पुष्कळदा पगार निघतात. ज्याने आपली कल्पना शेवटच्या तपशिलापर्यंत मनात पक्की करून ठेवली आहे त्याला हे उत्तर ऐकू येत नाही. ही अडचण पैशाच्या अडचणीहून लहान नाही.

मग १९५९ च्या सप्टेंबरमध्ये ९१४ हे यंत्र आले. नऊ बाय चौदा इंचांपर्यंतच्या कागदाची प्रत काढी, म्हणून ते नाव. वजन जवळपास तीनशे किलो. बटण दाबले की साध्या कागदावर कोरडी प्रत. या 'बटण दाबले की' मागे जी झटापट झाली ती वाचताना हसूही येते. फिरत्या ड्रमला चिकटलेला कागद सोडवायला हवेची फुंकर मारणारी यंत्रणा लागली. ड्रमवर उरलेली भुकटी झाडायला प्राण्यांच्या फरचा ब्रश करून पाहिला, आणि अखेर सशाच्या फरवर मामला मिटला. भुकटी वितळवणाऱ्या उष्णतेने अडकलेला कागद पेट घेई, म्हणून यंत्राबरोबर छोटे अग्निशामक नळकांडे दिले जाई; विक्री विभागाला 'आग' हा शब्द नको होता, तेव्हा त्याला करपटपणा घालवणारे साधन असे सोज्वळ नाव मिळाले. आणि सगळ्यांत मोठा शोध तर यंत्राचा नव्हताच. एवढे महाग यंत्र कोण विकत घेणार, म्हणून ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिले. त्यात पहिल्या दोन हजार प्रती आल्या, पुढे मीटर पडेल तसे पैसे. आयबीएमसाठी बाजाराचा अंदाज बांधणाऱ्या सल्लागारांनी फार तर पाच हजार यंत्रे खपतील असे सांगितले होते. त्यांनी मोजले ते लोक तेव्हा काढत असलेल्या प्रतींचे काम. आलेल्या कागदाची प्रत काढून चौघांना वाटायची, आणि त्या प्रतीचीही प्रत काढायची, ही गरज यंत्र आल्यावर जन्माला आली. काही वर्षांतच पाच हजारांचा आकडा कुठल्या कुठे मागे पडला.

आता पेटंटकडे वळू, कारण इथेच आपले गृहीतक सर्वांत स्पष्टपणे कोसळते. कार्लसनचे मुख्य पेटंट ६ ऑक्टोबर १९४२ रोजी मंजूर झाले. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात मुदत मंजुरीपासून सतरा वर्षांची होती. म्हणजे ती संपली १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये, ९१४ जगाला दाखवल्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी. मूळ कल्पनेला कायद्याचे संरक्षण असलेला जवळपास सगळा काळ तिचे यंत्र बनवण्यातच गेला. तरी पुढे दहा-बारा वर्षे त्या बाजारात कंपनीला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उभा राहिला नाही, कारण सेलेनियमचा ड्रम, भार देणारी तार, भुकटी यांच्यावरची नंतरची शेकडो पेटंटे तिच्या हातात होती. कल्पनेवरचे पेटंट संपले होते. वाटेवरच्या शोधांनी किल्ला राखला.

यावर पहिला आक्षेप येईल तो चोरीचा. कल्पना चोरीला जातातच की. जातात. रॉबर्ट कर्न्सचे उदाहरण प्रसिद्ध आहे. थांबून थांबून चालणारा मोटारीचा वायपर त्याने १९६० च्या दशकात तयार केला, कंपन्यांना दाखवला, आणि पुढे तसे वायपर त्यांच्या गाड्यांवर त्याच्याविनाच दिसू लागले. १९७८ मध्ये त्याने फोर्डवर दावा लावला, १९९० मध्ये एक कोटी डॉलरहून थोडी अधिक रक्कम मिळाली, नंतर क्रायस्लरकडूनही मिळाली. पण हे प्रकरण नीट पाहिले तर लक्षात येते की उचलली गेली ती कोरी कल्पना नव्हती. चालणारे, तपासलेले विद्युत-मंडल होते. अर्धीअधिक वाट चाललेली वस्तूच चोराच्या कामाची असते. शिवाय कर्न्सला वायपर स्वतः बनवायचे होते, ते त्याला कधीच साधले नाही. पेटंटने भरपाई दिली, कारखाना दिला नाही. तेव्हा पेटंट घेऊ नये असे मी म्हणत नाही. भारतात तर सुरुवात फारशी अवघड नाही. कच्च्या स्वरूपात, म्हणजे तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करता येतो आणि संपूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यायचा असतो. व्यक्तीसाठी ऑनलाइन मूळ अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आहे. परीक्षणाचे आणि वकिलाचे पैसे वेगळे. अर्जाआधी शोध प्रदर्शनात किंवा छापून जाहीर केला तर नावीन्य गमावण्याचा धोका असतो, हे मात्र ध्यानात ठेवायलाच हवे. मंजूर पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे चालते. पण पेटंट कार्यालय वस्तू नवी आहे का, ती उघड सुचण्यासारखी नाही ना आणि उद्योगात वापरता येण्याजोगी आहे का, एवढेच तपासते. ती कोणी विकत घेईल का हे तपासणे त्याचे काम नाही, आणि प्रमाणपत्र चौकटीत लावून बसणाऱ्यांना हा फरक बहुधा उशिरा कळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यशस्वी झालेल्या एका यंत्राच्या कहाणीवरून नियम कसा काढायचा? न जमलेल्यांच्या कहाण्या कोणी लिहीत नाही. हे खरे, म्हणून न जमलेली एक कहाणी घेऊ, आणि ती आपलीच आहे. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म मुंबईत १८६७ मध्ये झाला. किराणा माल मोजून देणाऱ्या यंत्राच्या रचनेसाठी त्यांनी एका ब्रिटिश नियतकालिकाची स्पर्धा जिंकली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना पदरचे पैसे दिले. भिशांनी जाहिरातींच्या दिव्यांपासून स्वयंपाकघरातल्या उपकरणांपर्यंत कितीतरी गोष्टी काढल्या आणि छापखान्यासाठी झपाट्याने खिळे ओतणारे 'भिसोटाइप' यंत्र रचले. भांडवलाच्या शोधात वर्षे गेली. दादाभाईंचा आधार संपल्यावर गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या ओळखीने सर रतन टाटांचे पाठबळ मिळाले, तेही टिकले नाही. भिसे अमेरिकेत गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. वृत्तपत्रांनी त्यांना हिंदी एडिसन म्हटले. पण छापखान्यांत राज्य राहिले लायनोटाइप आणि मोनोटाइपचेच. भिशांच्या बुद्धीत काय कमी होते? काहीही नाही. दादाभाई आणि टाटा यांनी पैसे दिले, पण त्यांच्यापाशी बॅटेलसारखी प्रयोगशाळा नव्हती, हॅलॉइडसारखा एकाच वस्तूच्या मागे दहा-बारा वर्षे राबणारा कारखाना नव्हता. शिवाय एका माणसाची शक्ती इतक्या वेगवेगळ्या शोधांत वाटली गेली होती.

याच काळात बेळगावात सायकलींचे दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर बनवत होते. नांगराची कल्पना त्यांची नव्हती. युरोप-अमेरिकेत लोखंडी नांगर कधीच रुळले होते. त्यांच्यापुढचे प्रश्न वेगळे होते. इथल्या मातीला आणि इथल्या बैलांना झेपेल असा तो कसा करायचा, तो ओतायचा कसा, आणि लोखंडाने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या शेतकऱ्याच्या गळी कसा उतरवायचा. पहिले नांगर खपायलाच दोनेक वर्षे गेली असे सांगतात. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि नांगर, मोट, चरक, पंप अशी वाट पुढे गेली. भिशांकडे कल्पना भरपूर होत्या आणि वाट नव्हती. किर्लोस्करांनी उसन्या कल्पनेसाठी संपूर्ण वाट बांधली. दोघांची तुलना करताना भिशांना कमी लेखण्याचे कारण नाही, खिळे ओतणारे यंत्र नांगरापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे होते. पण गुंतागुंत जितकी जास्त तितकी सोबत्यांची गरज जास्त, हेच त्यातून निघते.

तिसरा आक्षेप तरुण मंडळींचा. हे सगळे जुने झाले. आता थ्रीडी प्रिंटरवर रातोरात नमुना निघतो, इंटरनेटवर आगाऊ मागणी नोंदवून पैसे उभे राहतात. यात तथ्य आहे, पण अर्धे. स्वस्त झाला तो पहिला नमुना. चार माणसांची आमटी आणि लग्नाची पंगत यांत जो फरक आहे तो तसाच राहिला. प्रिंटरवर काढलेला प्लॅस्टिकचा डबा भोसरीच्या टूलरूममध्ये नेला की साचा बनवणारा कारागीर पहिल्याच नजरेत सांगतो, की या भिंतींना उतार नाही, माल साच्यातून सुटणार नाही. हा कोपरा जाड आहे, थंड होताना खड्डा पडेल. ही खाच आतल्या बाजूला आहे, तिच्यासाठी साच्यात सरकता भाग घालावा लागेल आणि साच्याची किंमत वाढेल. पोलादी साचा लाखांच्या घरात जातो, आणि एकदा कापला की त्यात बदल करणे महागात पडते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत पॅटर्न घेऊन गेलेल्यालाही असेच ऐकावे लागते. हे ज्ञान पुस्तकात फारसे नाही, माणसांच्या हातात आहे. आपल्याकडचे शोधक त्यांच्याकडे रेखाचित्र पक्के झाल्यावर 'जॉबवर्क' द्यायला जातात. रेखाचित्र कच्चे असतानाच जावे, कारण तेव्हा त्या कारागिराचे म्हणणे ऐकायला खर्च येत नाही. मग येते प्रमाणन, सुटे भाग, दुरुस्ती, विक्रेत्याचे कमिशन. विजेच्या कित्येक घरगुती उपकरणांना तर भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाशिवाय बाजारात उतरताच येत नाही. यांतली एकही गोष्ट प्रिंटरने स्वस्त केलेली नाही.

खरी दरी आहे ती नमुना आणि बाजार यांच्यामधली. महाविद्यालयात नमुना बनवायला अनुदान मिळते, स्पर्धेत बक्षीस मिळते, फोटो छापून येतो. हातात ऑर्डर असली तर बँकही दार उघडते. चालणारा नमुना आणि पहिली ऑर्डर यांच्यामध्ये जी तीन, पाच, कधी दहा वर्षे जातात त्यांचा खर्च उचलायला फारसे कोणी नसते. बॅटेल तिथेच उभी होती. पण तिला उभे करायला कार्लसनने किंमत मोजली. उत्पन्नाचा मोठा वाटा तिला दिला, लहान स्वतःकडे ठेवला. 'माझ्या कल्पनेचे साठ-सत्तर टक्के दुसऱ्याला का देऊ' असे विचारणाऱ्याने हिशेब असा मांडून पाहावा, की १९४४ मध्ये कार्लसनकडे शंभर टक्के होते आणि त्यांची किंमत वीसहून अधिक कंपन्यांच्या मते शून्य होती. नंतर झालेल्या करारानुसार जगभर निघणाऱ्या प्रत्येक झेरॉक्स प्रतीमागे १९६५ पर्यंत त्याला मिळत होता एका सेंटचा सोळावा भाग. त्यातून तो इतका श्रीमंत झाला की १९६८ मध्ये मरण्यापूर्वी आपल्या संपत्तीचा बहुतांश भाग त्याने दान करून टाकला होता.